पासवर्डात जागा सोडत नाहीत

मी बोलतोय तो एका घरातल्या वायफायचा पासवर्ड. बोलणं हा खरं तर माझा धंदा नव्हे. माझा धंदा गप्प राहण्याचा, आणि पाच वर्षं तो मी चोख केला. लोकांना मी दिसतो तो काळ्या ठिपक्यांच्या रांगेसारखा. प्रत्येक ठिपक्याखाली एक अक्षर बसलेलं असतं, पण ते वर मान काढत नाही. आता माझं काम संपलंय, म्हणून बोलतोय.

माझा जन्म एका सकाळी दहाच्या सुमारास झाला. कंपनीचा माणूस शिडी घेऊन आला, भिंतीला भोक पाडून वायर आत घेतली आणि दोन कानांचा एक पांढरा डबा कपाटावर बसवला. मग घराच्या मालकांना म्हणाला, "काका, पासवर्ड काय ठेवू? कोणाची जन्मतारीख सांगा, नाहीतर नाव आणि पुढे एक दोन तीन."

"मी टाकतो," मालक म्हणाले.

"इंग्रजी अक्षरांत टाका. आठ तरी हवीत. मध्ये जागा नका सोडू, नंतर लोकांना सांगताना गोंधळ होतो."

"लोकांना सांगायचा नाहीये."

त्या माणसानं खांदे उडवले आणि फोन त्यांच्या हातात दिला. मालक भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि उजव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी मला लिहिलं. सी, एच, यू, के. एम, ए, जे, एच, आय, सी, एच. एच, ओ, टी, आय. आणि पुढे दोन, तीन, एक, एक. पंधरा अक्षरं, चार आकडे. अक्षरं इंग्रजी, वाक्य मराठी. चूक माझीच होती. तेवीस नोव्हेंबर.

बाकीचे पासवर्ड कुत्र्यांच्या नावांचे असतात, गाड्यांच्या नंबरांचे असतात. मी एक कबुली आहे. पण कबुलीला कुणी वाचलंच नाही, तर ती कुलपासारखीच वागते. मीही तसाच वागलो.

मालकांना धाकटा भाऊ 'दादा' म्हणायचा, म्हणून मीही दादाच म्हणतो. दादांनी छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली होती. छापायच्या आधी पानं वाचायची, चुका शोधायच्या, समासात लाल शाईनं खुणा करायच्या. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सुटलेली जागा, जास्तीची जागा. निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नव्हती. औषधाच्या बाटलीवरची माहितीसुद्धा ते पेन घेऊन वाचत. दुसऱ्याची चूक त्यांच्या नजरेतून निसटली असं कधी झालं नाही. स्वतःची एक होती, ती त्यांनी माझ्यात ठेवली.

ती अशी. माझ्या जन्माच्या चार वर्षं आधी दादांची आई आजारी पडली. ती दादांकडेच राहायची. धाकटा दुसऱ्या शहरात, लिफ्ट दुरुस्त करणारा. तेवीस नोव्हेंबरला त्यानं फोन केला, "आईला कसं आहे? येऊ का?" दादा म्हणाले, "साधा ताप आहे. इतक्या लांबून कशाला धावत येतोस. पुढच्या महिन्यात ये." डॉक्टरांनी आदल्याच दिवशी दवाखान्यात हलवा म्हणून सांगितलं होतं. दादांना वाटलं होतं, एक-दोन दिवस बघू. पंचवीस तारखेला आई गेली.

सव्वीसला घर माणसांनी भरलेलं असताना मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं, "धाकट्याला कळवलं नव्हतं का रे?" ह्या प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न उभा होता, दवाखान्यात का नाही नेलं, आणि दादांना तो दिसला. ते म्हणाले, "कळवलं होतं. तो म्हणाला, सुट्टी नाही."

हे त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण धाकटा तेव्हाच दारात पोचला होता. खांद्यावर बॅग, पायात बूट. त्यानं वाक्य पूर्ण ऐकलं. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात जे होतं ते त्यानं चार दिवस सहन केलं. मग तो निघून गेला. त्यानंतर नऊ वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. वहिनींशी, म्हणजे दादांच्या बायकोशी, तो वर्षातून दोनदा फोनवर बोलायचा, पण त्यात दादांचा विषय नसायचा.

हे सगळं मला कसं माहीत, असं कुणी विचारेल. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नसेल तर कुणाला असणार?

तर माझं बालपण. मी एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी राहायचो. कपाटावरच्या डब्यात, दादांच्या फोनमध्ये, वहिनींच्या फोनमध्ये. वरच्या मजल्यावर नाच शिकवणाऱ्या बाई राहत, त्यांच्या स्पीकरमध्येही. कुणीही पाहुणा आला की पहिल्या पाच मिनिटांत विचारायचा, "वायफाय आहे का?" दादा हात पुढे करायचे. फोन घ्यायचे, भिंतीकडे वळायचे, एका बोटानं मला टाकायचे आणि फोन परत द्यायचे. एकदा एका पाहुण्यानं मान लांब केली, तेव्हा दादा फोन घेऊन मोरीत गेले आणि कडी लावून घेतली.

वहिनी वैतागायच्या. "एवढं काय लपवून ठेवलंय त्यात? मला तरी सांगा. तुम्ही घरी नसताना कुणी आलं तर मी काय करू?"

"बसायला सांग."

"आणि पासवर्ड?"

"मी आल्यावर टाकतो."

वहिनींनी पुढे विचारणं सोडलं. त्या बालवाडीत शिक्षिका होत्या. दिवसभर तीस जणांना तेच ते विचारून झाल्यावर घरी एकाला पुन्हा विचारायची त्यांना हौस नव्हती.

माणसांची एक गंमत मला कधी कळली नाही. डब्याचा दिवा लाल झाला की ती आधी माझ्यावर संशय घेतात. मला पुसतात, परत टाकतात. मी तोच असतो. पाच वर्षांत दादांनी मला साठेक वेळा लिहिलं असेल. दर वेळी वाटायचं, आज तरी हे वाक्य ते जिथं लिहायला हवं तिथं लिहितील. दर वेळी ते 'कनेक्ट' दाबायचे आणि हवामान बघायचे.

मग दादांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी आहे. दोन महिने झाले तरी घशातून खरखर येत राहिली, तेव्हा डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणाले. गाठ साधी निघाली, पण काढावी लागली. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी बजावलं, "दहा दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. त्यानं जास्त ताण येतो. पाटी घ्या आणि लिहा."

दादांना याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

वहिनींची मात्र ओढाताण सुरू झाली. दवाखाना, घर, जेवणाचा डबा, औषधं. तिसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्याला फोन लावला. "भाऊजी, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. दोन दिवस याल का? ह्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी या."

तो आला. नऊ वर्षांत त्याचे केस बरेच कमी झाले होते आणि डाव्या हाताच्या दोन नखांना ग्रीसचा कायमचा रंग बसला होता. वहिनींनी विचारलं, "आधी दवाखान्यात जायचं का?" तो म्हणाला, "आधी चहा." मग त्यानं चहा घेतला, मग मोरीचा गळका नळ दुरुस्त केला, मग बिजागरी निसटलेलं कपाटाचं दार. घरात दुरुस्त करण्यासारखं आहे तोवर दवाखान्यात जावं लागणार नव्हतं.

साडेअकराच्या सुमारास त्याचा फोन वाजला. त्या घरात भिंती जाड, त्यामुळे आवाज तुटत होता. तो बाहेरच्या पायरीवर गेला. त्याचा जोडीदार बोलत होता. एका सात मजली इमारतीत लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आत एक आजोबा आणि त्यांची नात. आजोबांना बंद जागेत धाप लागते. जोडीदार वरच्या मशीनच्या खोलीत उभा होता, पण पॅनेल नवीन होतं, महिन्याभरापूर्वी धाकट्यानं स्वतः बसवलेलं. जोडीदारानं ते कधी उघडलं नव्हतं.

"कुठल्याही वायरला हात लावू नको," धाकटा म्हणाला. "मला दाखव. व्हिडिओ लाव."

व्हिडिओ लागला आणि गोठला. पायरीवर बोलणं व्हायचं, चित्र अडकायचं. जोडीदाराचं अर्धं नाक आणि एक हिरवा चौकोन, एवढंच बराच वेळ दिसत राहिलं. धाकटा आत धावला.

"वहिनी, वायफायचा पासवर्ड?"

"मला नाही माहीत."

"म्हणजे? तुमच्याच घरचा ना?"

"ह्यांनी कधी सांगितलाच नाही."

वहिनींनी दादांना मेसेज केला. 'पासवर्ड पाठवा. भाऊजींना हवाय.' मी दादांच्या फोनमध्येही होतो, त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसत होतं. दादा पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी मेसेज वाचला. 'भाऊजींना' ह्या शब्दावर त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग त्यांनी लिहिलं, 'मी आल्यावर टाकतो.'

वहिनींनी लिहिलं, 'लिफ्टमध्ये माणसं अडकलीत. एक म्हातारे आहेत. लवकर.'

दादांनी लिहायला घेतलं. सी. एच. यू. के. मी श्वास रोखला, म्हणजे मला श्वास असता तर. मग त्यांनी चारही अक्षरं पुसली. परत लिहिली. परत पुसली. तिकडे वहिनींच्या फोनवर 'लिहीत आहेत' एवढंच दिसत होतं, आणि येत काहीच नव्हतं.

धाकटा म्हणाला, "राहू दे. तुमचा फोन द्या. त्यात सेव्ह असतोच."

पाच वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. त्यानं वहिनींच्या फोनचं सेटिंग उघडलं, वायफाय उघडलं, आमच्या घराच्या नावावर बोट ठेवलं. खाली 'शेअर करा' असं होतं, ते दाबलं. फोन म्हणाला, आधी बोट दाखवा. वहिनींचा अंगठा भांडी घासून झिजलेला. फोनला ओळख पटेना. त्यांनी हात पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा फोननं आकडे मागितले. वहिनींनी दाबले, आणि पडद्यावर एक काळीपांढरी चौकट आली, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत मी. ठिपके नाहीत, काही नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा मी उघड्यावर उभा होतो.

धाकट्यानं त्याच्या फोनचा कॅमेरा चौकटीवर धरला. कॅमेऱ्याची काच लिफ्टच्या खड्ड्यात पडून फुटलेली होती. चौकट वाचता येईना.

"वाचा वहिनी. एकेक अक्षर. मी टाकतो."

वहिनींनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. "सी. एच. यू. के."

"पुढे."

"एम. ए. जे. एच. आय."

"हं."

"सी. एच. एच... दोनदा एच आहे."

"दोनदा. पुढे."

"ओ. टी. आय. मग आकडे. दोन, तीन, एक, एक."

शेवटच्या आकड्यापाशी धाकट्याचं बोट थांबलं. तेवीस अकरा. हा आकडा जगात दोनच माणसांना ठाऊक असायला हवा होता, ज्यानं फोन केला तो आणि ज्यानं घेतला तो. पण सात मजली इमारतीत कुणाला तरी धाप लागत होती. त्यानं 'कनेक्ट' दाबलं.

पुढची वीस मिनिटं मी काम केलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात उपयोगी वीस मिनिटं. चित्र स्वच्छ आलं. "डावीकडचा वरून तिसरा रिले बघ. लाल दिवा आहे? नाही? मग मेन बंद कर. बंद झाली? मला दाखव. आता मोठं चाक. ब्रेकचा दांडा हळूच दाब, एकदम नाही. फिरव. थांब. परत." वहिनी बाजूला स्वतःचा फोन हातात धरून उभ्या होत्या. शेवटी जोडीदार म्हणाला, "पाचव्या मजल्याला लागली. दार उघडलं." मागे एका लहान मुलीचा आवाज आला, आजोबा बसू नका इथं, आधी बाहेर या. धाकट्यानं फोन बंद केला आणि खुर्चीवर बसला.

थोड्या वेळानं म्हणाला, "तुमचा फोन पुन्हा द्या."

त्यानं मला वाचलं. सलग, कारण माझ्यात जागा नव्हती. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा ओठ हलवून वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"चूक माझी छोटी," तो म्हणाला. "तेवीस अकरा. चूक माझी छोटी."

मी हादरलो. पाच वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मधली जागा सोडली नाही, तर 'माझीच होती'मधला 'च' पुढच्या 'ह'ला जाऊन चिकटतो आणि छोटी होते. दादांच्याही लक्षात आलं नव्हतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सुटलेल्या जागा शोधणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

"नऊ वर्षांनी मापून ठेवलीय," धाकटा म्हणाला. "छोटी म्हणे."

वहिनी खाली बसल्या. "भाऊजी, तो पासवर्ड काय आहे ते मला माहीत नव्हतं. पण त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही येऊ का विचारलंत आणि हे नको म्हणाले, ते मला ऐकू आलं होतं."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मावशी बोलली तेव्हाही तुम्ही तिथंच होतात."

"तिथंच होते. नवऱ्याला सगळ्यांत खोटं पाडायचं धाडस नाही झालं. मग दुसऱ्या दिवशी नाही झालं. मग दिवस निघून गेले."

तो उठला. जवळच पडलेली एक औषधाची चिठ्ठी घेऊन तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं मला उतरवून घेतलं, जसाच्या तसा. मग म्हणाला, "डबा भरा. मी देऊन येतो."

दवाखान्यात दादा दाराकडेच बघत होते. धाकटा आत आला, डबा टेबलावर ठेवला, स्टूल ओढलं आणि बसला. नऊ वर्षांनी भेटल्यावर काय म्हणायचं याचा रिवाज नसतो. त्यानं चिठ्ठी दादांच्या मांडीवर ठेवली.

"छोटी?" त्यानं विचारलं.

दादांना कळलं नाही. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. घशातून शब्द यायला निघाला आणि त्यांनी तो हातानं गळा धरून अडवला.

"तूच लिहिलंस ना? चूक माझी छोटी. आई गेली, आणि सगळ्यांसमोर तू मला जे केलंस, ते छोटं?"

आता दादांना कळलं. प्रुफं तपासणाऱ्याला आपली चूक दिसली की त्याच्या अंगाचं काय होतं, ते मी जवळून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पेन मागितलं. खुणेनं, तीन बोटं जुळवून. लाल मिळालं नाही. नर्सबाईंच्या निळ्यावर भागवलं.

मग त्यांनी चिठ्ठीवर वाकून, नेटकेपणानं, त्या दोन एचच्या मध्ये एक उभी रेघ मारली. समासात दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची छोटी जाळी काढली. छापखान्यात त्या खुणेचा अर्थ, इथे जागा सोडा. मग एक रेघ 'चूक'नंतर. पुन्हा समासात जाळी. आकड्यांच्या आधी तिसरी.

धाकट्याला ही खूण माहीत होती. शाळेत असताना त्याचे निबंध दादाच तपासून द्यायचे, आणि वही अशा जाळ्यांनी भरलेली असायची. त्यानं चिठ्ठी उचलली आणि आता जागा सोडून वाचली. मनातल्या मनात. वाचायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ तो वाचत राहिला.

"कधी लिहिलंस?"

दादांनी पाटीवर लिहिलं, 'वायफाय घेतलं तेव्हा.'

"पाच वर्षं."

दादांनी मान हलवली.

"आणि रोज सगळे ह्याच्यावर काय बघत होते? नाच आणि हवामान." धाकट्यानं चिठ्ठीची घडी घातली. "हे राउटरमध्ये लिहून काय उपयोग, दादा? मावशीकडे कुठं तुझं वायफाय आहे. तू सगळ्यांसमोर बोलला होतास. परत घ्यायचं तर सगळ्यांकडे जाऊन घे. तोंडानं."

दादांनी लिहिलं, 'दहा दिवस बोलायची बंदी आहे.' मग तीन बोटांनी 'दहा' पुसून 'सात' केलं. तीन दिवस झाले होते. त्यांना चुकीचा आकडा ठेवायचा नव्हता.

"मी थांबतो," धाकटा म्हणाला. "माझी सुट्टी शिल्लक आहे. भरपूर आहे."

दादांनी पाटी उलटी करून ठेवली.

दुसऱ्याच दिवशी दादांना घरी सोडलं, आणि ते सात दिवस त्या घरात फार शांतता होती. एकाला बोलायची परवानगी नव्हती, दुसऱ्याला घाई नव्हती. धाकट्यानं उरलेल्या सगळ्या बिजागऱ्या घट्ट केल्या. वहिनी बालवाडीतून आल्या की दोघांच्या मध्ये बसून दोघांचे निरोप दोघांना सांगायच्या, मग त्यांच्या लक्षात यायचं की दोघं समोरासमोरच आहेत. एकदा धाकट्यानं दादांच्या पाटीवर 'पाणि हवं का' लिहिलं, तर दादांनी आधी 'णी' दीर्घ केला आणि मग 'हो' लिहिलं. धाकटा हसला नाही, पण पाणी आणून दिलं.

डॉक्टरांनी बंदी उठवली ती अटीसकट. दिवसाला पाच मिनिटं, हळू आवाजात. जास्त बोललात तर पुन्हा पाटी.

तपासणीहून घरी आल्या आल्या दादांनी एका कागदावर सात नावं लिहिली. त्या दिवशी खोलीत जी माणसं होती ती. पहिलं नाव मावशीचं. वहिनींनी घड्याळ समोर ठेवलं. धाकटा खिडकीपाशी उभा राहिला. व्हिडिओ लागला, माझ्यावरूनच, कारण त्या घरात दुसरा रस्ता नव्हता. पडद्यावर मावशीचा कान दिसला. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती फोन कानाला लावायची, व्हिडिओ असला तरी.

"मावशी," दादा म्हणाले. आवाज फाटक्या कापडासारखा. "आई गेली तेव्हा मी ह्याला येऊ नको म्हणालो होतो."

"कोण येतंय?"

"कोणी नाही. धाकट्याला. मी येऊ नको म्हणालो. सुट्टी नाही हे तो बोलला नव्हता. मी माझ्या मनाचं सांगितलं."

"मोठ्यानं बोल. सुट्टी कोणाला?"

वहिनी घड्याळाकडे बोट दाखवत होत्या. दोन मिनिटं गेली होती. दादांनी घसा धरला आणि डॉक्टरांनी नको म्हटलेल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, मध्ये भरपूर जागा सोडून सांगितलं, "मावशी. मी. खोटं. बोललो. तो. येणार होता. मी. येऊ दिलं नाही."

कान पडद्यावरून हलला. तिथं मावशीचा चेहरा आला. तो इतका वेळ जागचा हलला नाही की चित्र अडकलंय असं वाटून मी स्वतःला तपासलं. मी ठीक होतो.

"नऊ वर्षांनी सांगतोस?" ती म्हणाली.

"हो."

"आहे का तो तिथं?"

दादांनी फोन खिडकीकडे धरला. धाकट्यानं घेतला.

"तू तेव्हाच का नाही बोललास रे?" मावशीनं विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही," धाकटा म्हणाला.

मावशीनं मान खाली घातली. "नाही विचारलं," ती म्हणाली. "खरंय. कोणीच नाही विचारलं." ह्या वेळी तिला पहिल्याच खेपेला ऐकू आलं होतं.

त्या दिवसाची पाच मिनिटं तिथंच संपली. दुसऱ्या दिवशी दुसरं नाव, तिसऱ्या दिवशी तिसरं. एक काका म्हणाले, जाऊ दे, जुनं झालं. दादा म्हणाले, "जाऊ नका देऊ. ऐकून घ्या." एका चुलत बहिणीनं फोनच ठेवला आणि तासाभरानं स्वतः धाकट्याला लावला. सहा दिवसांत सहा नावांवर काट मारली गेली. सातवं नाव मामांचं होतं. मामा गेल्या वर्षी वारले. धाकटा आईच्या वेळी आला नाही, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं असणार. दादा त्या नावापुढे पेन धरून बसले. काट मारली नाही, काढूनही टाकलं नाही. कागद तसाच घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

निघायच्या दिवशी धाकटा बूट घालताना म्हणाला, "वरच्या बाईंकडे, त्यांच्या विद्यार्थिनींकडे, अर्ध्या इमारतीकडे हा पासवर्ड आहे. कोणीही माझ्यासारखं उघडून वाचेल. बदल आता."

दादांनी त्याच संध्याकाळी मला बदललं. नवा पासवर्ड त्यांनी वहिनींना समोर बसवून मोठ्यानं सांगितला, पाच मिनिटांतलं अर्धं मिनिट खर्चून. वहिनींच्या शाळेचं नाव आणि तिथला खोली क्रमांक. त्यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणून तो सगळ्यांना सांगता येतो. वरच्या बाई चिडल्या, स्पीकर पुन्हा जोडावा लागला. डब्यातून मी गेलो. दादांच्या, वहिनींच्या फोनमधून गेलो.

आता मी एकाच ठिकाणी उरलोय. दूरच्या शहरात, फुटक्या कॅमेऱ्याच्या एका फोनमध्ये, 'सेव्ह केलेली नेटवर्क' अशा यादीत. माझ्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलंय, 'आवाक्यात नाही'. अडकलेल्या लिफ्टच्या कामांतून धाकट्याला सवड झाली की तो कधीतरी ती यादी साफ करतो. हॉटेलांची, स्टेशनांची, कुठल्या कुठल्या दवाखान्यांची नावं पुसतो. माझ्यापाशी येतो. समोर एकच बटण असतं, त्यावर लिहिलंय 'विसरा'. त्याचं बोट त्यावर थोडा वेळ राहतं आणि मग तो फोन खिशात टाकतो.

त्याला एवढंच कळवायचं होतं. दाबलं तरी चालेल, भाऊ. माझं काही अडून राहणार नाही. जे ऐकायला हवं होतं ते सहा जणांनी ऐकलंय, आणि ते माझ्याकडून नाही, दादांच्या तोंडून ऐकलंय.